गोटी ‘ओळखली’ म्हणजे नेमकं काय केलं?

तुमच्यापैकी बरेच जण फोटो पाठवून विचारता, ‘ही वस्तू काय आहे आणि किती जुनी आहे?’ कधी नाणं असतं, कधी खापराचा तुकडा. यावेळी आल्या त्या काचेच्या गोट्या. उरणजवळच्या मोरा बंदरात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या कडेने वेचलेल्या पाच-सहा गोट्या, आणि फोटोखाली उत्तरही तयार: ‘कॉर्कस्क्रू, अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनी, अमेरिका, साधारण १९३०.’ या एका ओळीवर पीएचडीच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद उभा होता. मोरा बंदरातून अमेरिकी खेळण्यांचा व्यापार चालत असावा आणि त्याचा शोध घ्यायचा आहे, असा.

प्रस्ताव अजून जमा झालेला नाही, आणि परवानगी घेऊनच मी हे लिहितेय. विषय वाईट नाही, उलट चांगला आहे. आपल्याकडे मण्यांवर ढीगभर काम झालंय, बांगड्यांवर झालंय. गोटीकडे मात्र कुणी गंभीरपणे पाहिलेलं नाही. त्यामुळे हे परीक्षण त्या विद्यार्थ्याचं नाही. ‘कॉर्कस्क्रू, अ‍ॅक्रो’ हे नाव ज्या पद्धतीतून आलं, त्या पद्धतीचं आहे. ती पद्धत अमेरिकेत का चालते आणि मोऱ्यात का चालत नाही, एवढंच मला दाखवायचंय.

आधी अ‍ॅक्रो म्हणजे काय ते बघू. काचेच्या गोट्या हाताने बनवण्याचं मोठं केंद्र जर्मनीत होतं, थुरिंजिया प्रांतातल्या लाउशा गावाच्या आसपास. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून जाड सळई करायची, तिच्या टोकाचा गोळा चिमट्यासारख्या कात्रीत फिरवून गोल करायचा आणि तोडायचा. तोडल्याचा खडबडीत व्रण गोटीवर राहतो. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन ख्रिस्टेन्सन याने गोल काच घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळवलं. त्याच शहरात १९११ मध्ये अ‍ॅक्रो अ‍ॅगेट निघाली, १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ मध्ये बंद पडली. पेल्टियर, मार्बल किंग, व्हिट्रो अ‍ॅगेट असे आणखीही कारखाने होते.

पुढे ज्या रुळांच्या यंत्राने जगभरच्या गोट्या केल्या, त्याचं तत्त्व सोपं आहे. भट्टीतून वितळलेल्या काचेची धार खाली येते. कात्री तिचे सारखे लोळे कापते. लोळा पडतो तो पन्हळी कोरलेल्या, फिरणाऱ्या दोन रुळांवर. रुळ त्याला गरगर फिरवत पुढे सरकवतात आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तो गोल आणि घट्ट झालेला असतो. कात्रीने जिथे कापलं तिथे कधीकधी बारीक शिवण दिसते. आता या धारेत दुसरा रंग सोडला आणि कापण्याआधी तिला पीळ दिला, की गोटीवर स्क्रूच्या आट्यांसारखी रंगाची पट्टी येते. तोच कॉर्कस्क्रू. अ‍ॅक्रोने हा प्रकार भरपूर काढला आणि त्यासाठी ती प्रसिद्ध आहे, हे खरं. पण पट्टी पिळामुळे येते, कंपनीच्या नावामुळे नाही. पीळ दिलेल्या दोन रंगांच्या धारेतून जगात कुठेही आटेदार गोटी पडू शकते.

मग अमेरिकेतले संग्राहक नुसत्या आट्यांवरून कंपनी कशी सांगतात? ते नुसत्या आट्यांवरून सांगतच नाहीत, हे इथे समजून घ्यायला हवं. त्यांच्या मागे पन्नासेक वर्षांचं काम आहे. पॉल बाउमन यांचं ‘कलेक्टिंग अँटिक मार्बल्स’ १९७० साली आलं. तेव्हापासून आजपर्यंत हौशी लोकांनी बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागच्या टाकाऊ मालाच्या जागा खणल्या, फुटक्या-अर्धवट गोट्या गोळा केल्या, मूळ खोकी जपली, पेटंटं वाचली, मालाच्या यादीपुस्तिका जमवल्या, जुन्या कामगारांना विचारलं. क्लार्क्सबर्गच्या कारखान्याच्या जागेत विशिष्ट रंगजोडीची खराब गोटी सापडली, तर तीच रंगजोडी असलेली चांगली गोटी अ‍ॅक्रोची असण्याचा दावा भक्कम होतो. म्हणजे मार्गदर्शक पुस्तकातलं नाव हा एका साखळीचा शेवटचा दुवा आहे. पुस्तकात आपल्याला दुवा दिसतो, साखळी दिसत नाही.

मोऱ्याच्या गोटीला ते नाव लावलं की आपण निष्कर्ष उसना घेतो आणि पुरावा तिकडेच सोडतो. संशोधनाच्या मुलाखतीत कुणी एकच प्रश्न विचारला, ‘हाच प्रकार भारतात, जपानमध्ये किंवा मेक्सिकोत बनत नव्हता हे तुम्ही कशावरून वगळलं?’, तर प्रस्ताव तिथेच बसतो. आणि वगळता येत नाहीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने मांजरडोळा गोट्या, म्हणजे पारदर्शक काचेत रंगीत पाकळ्या असलेल्या गोट्या, इतक्या प्रमाणात बाहेर पाठवल्या की १९५० च्या दशकात अमेरिकी कारखान्यांना आपला माल बदलावा लागला. आज आपल्या दुकानात जाळीच्या पिशवीत मिळते ती गोटी बहुधा याच घराण्यातली असते.

मार्गदर्शक पुस्तकांवर माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रॉबर्ट ब्लॉक यांच्या पुस्तकाचं नावच बघा: ‘मार्बल्स: आयडेन्टिफिकेशन अँड प्राइस गाइड’. ओळख आणि किंमत एकाच मुखपृष्ठावर. बाजारासाठी लिहिलेल्या पुस्तकात हे असणारच, त्यात लबाडी काही नाही. पण याचा परिणाम बघा. किंमत गोटीच्या अवस्थेवर ठरते. एकही ओरखडा नसलेली सर्वांत वर, मग थोडी वापरलेली, मग मार खाल्लेली. पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी चीर असेल तर भाव पडतो. संग्राहकाच्या दृष्टीने ती चीर म्हणजे दोष.

तुमच्या दृष्टीने तीच चीर म्हणजे पुरावा. काचेवर काच नेमकी आपटली की आघाताच्या जागी अशी कोर उमटते. गल करून, अंगठा जमिनीला टेकवून, मधलं बोट ताणून नेम मारलेल्या गोटीवर अशा कोरा अंगभर विखुरलेल्या असतात. कधीच न खेळलेल्या गोटीवर नसतात. समुद्रात वर्षानुवर्षं लोळलेल्या गोटीचा सगळा पृष्ठभाग वाळूने घासून दुधी झालेला असतो आणि जुन्या कोरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. एखाद्या गोटीवर बोथट कडांच्या कोरा दिसल्या, तर तुम्ही क्रम लावू शकता: आधी खेळली, मग पाण्यात गेली. दुधी थराला छेदणारी ताजी, धारदार चीर असेल, तर तो मार किनाऱ्यावर आल्यानंतरचा. म्हणजे सर्वांत स्वस्त ठरणारी गोटी तुम्हाला सर्वांत जास्त सांगते. आणि काहीजण ‘छान दिसावी’ म्हणून गोटी घासून पॉलिश करतात, ते तर कृपा करून कधीच करू नका. (चोखंदळ संग्राहकांनाही पॉलिश केलेली गोटी आवडत नाही. त्यांचं कारण वेगळं, पण निदान या मुद्द्यावर आपण एका बाजूला आहोत.)

ही किंमतवाली नजर नको असेल तर आपल्याकडे दुसरी परंपरा आहे, मणी अभ्यासणाऱ्यांची. होरेस बेक यांचा मण्यांच्या वर्गीकरणावरचा आणि नामकरणावरचा निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या पिढ्यांनी तो जवळजवळ पाठ केला. बेकची शिस्त अशी की आधी वर्णन, मग नाव. आकार, छेद, लांबी आणि व्यासाचं प्रमाण, भोक, रंग, द्रव्य, नक्षी. मणी कुणी बनवला हा प्रश्न सर्वांत शेवटी. महाराष्ट्रात ही शिस्त उत्खननाच्या कामात दिसते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाचं उत्खनन ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलं. पुढे दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये काढला. काचेवर काम करायचं असेल तर तो ग्रंथ टाळता येणार नाही.

पण त्याचा भर प्राचीन आणि मध्ययुगीन काचेवर आहे, आणि तिथेच आपली पंचाईत होते. बेकची चौकट गोटीला लावून बघा. आकार: गोल. छेद: गोल. लांबी-व्यासाचं प्रमाण: एकास एक. भोक: नाही. चार रकाने भरले आणि हातात काहीच आलं नाही! मण्याला भोक असतं, भोकाभोवती काच गुंडाळली की ओढली हे बुडबुड्यांच्या दिशेवरून कळतं. यंत्रातून निघालेली गोटी या सगळ्या माहितीला जवळजवळ पुसूनच बाहेर येते. म्हणून मण्यांची पद्धत जशीच्या तशी उचलणं हाही उसनवारीचाच प्रकार आहे. फक्त ही उसनवारी विद्यापीठात जास्त शोभते.

आता मोऱ्याकडे येऊ. संशोधनाची खरी गंमत इथे आहे.

पहिली गोष्ट ठिकाणाच्या नोंदीची. ‘मोरा’ असं नुसतं लिहून चालत नाही. उरणजवळचं मोरा बंदर एक. समोर खाडीपलीकडे घारापुरी बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, तो मोरा वेगळा. आणि पुराभिलेख वाचणाऱ्यांना ‘मोरा’ म्हटलं की मथुरेजवळचं मोरा आठवतं, जिथल्या विहिरीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. दहा वर्षांनी तुमची चिठ्ठी वाचणाऱ्याला यातलं काय समजणार? पत्ता ‘नवी मुंबई’ लिहिलात तर आणखी गोंधळ, कारण मोरा उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येतं. जुन्या चिठ्ठ्यांवर ‘कुलाबा जिल्हा’ असेल, कारण रायगड हे नाव १९८१ पासूनचं. गाव, तालुका, जिल्हा, जेट्टीच्या कोणत्या बाजूला, भरतीरेषेपासून किती पावलं, तारीख आणि ओहोटीची वेळ. एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट चिखलाची. मोऱ्याला जाणाऱ्या कुणालाही विचारा, भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या जेट्टीला लागत नाही. गाळ साचतो, म्हणून गाळ काढावा लागतो, आणि काढलेला गाळ कुठेतरी टाकला जातो. म्हणजे किनाऱ्यावर दिसणारी वस्तू तिथेच पडली होती, की भरतीने आणली, की गाळाबरोबर हलवली, की बांधकामाच्या भरावातून आली, हे सांगता येत नाही. अशा जागेच्या सापडीवरून काळ ठरवू नका. खोलवर सापडली म्हणून जुनी, हेही नाही. चिखलात जड वस्तू आपोआप खाली जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या फोटोत आट्यांची गोटी एकच होती. बाकीच्या साध्या, एकरंगी, फिकट हिरवट-निळसर काचेच्या. प्रस्तावात त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, कारण मार्गदर्शक पुस्तकात साध्या गोटीला नाव नाही आणि भाव नाही. पण बंदराच्या गावात, लाँचची वाट बघणाऱ्या माणसांच्या गावात, साधी हिरवट गोटी दिसली की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो गोटी सोड्याचा.

गोटी सोड्याची बाटली तुम्ही पाहिली असेल, निदान तिच्याबद्दल ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या हायरम कॉड याने तिचं पेटंट १८७२ साली घेतलं. बाटलीच्या तोंडात आतून रबराचं कडं असतं. बाटली उलटी धरून भरतात, आणि सरळ करताना वायूचा दाब गोटीला वर ढकलून कड्यावर बसवतो. पिताना गोटी आत दाबायची, फस्स आवाज येतो, आणि मानेला मुद्दाम पाडलेल्या खोबणीत ती अडकून राहते म्हणून पिताना पुन्हा तोंडाशी येत नाही. गोटी बाटलीत घालायची ती तोंड पुरतं घडवण्याआधीच. एकदा तोंड अरुंद झालं की ती बाहेर येत नाही. बाटली फुटली तरच येते. आणि ती बाहेर आल्यावर पोरं काय करतात, ते इंग्लंडमध्येही तेच होतं आणि इथेही तेच: खेळतात.

आता सांगा, ही गोटी ‘ओळखायची’ कशी? बनली ती बुच म्हणून. जगली ती खेळणं म्हणून. सापडली ती कचरा म्हणून. इगॉर कोपिटॉफ यांचा वस्तूंच्या चरित्रावरचा निबंध तुमच्या वाचनयादीत असेलच. अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या १९८६ च्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ मध्ये तो आहे. बरेच विद्यार्थी तो प्रस्तावाच्या सुरुवातीला शोभेसाठी टाकतात आणि पुढे विसरतात. गोटी सोड्याची गोटी हे त्या निबंधासाठी इतकं चपखल उदाहरण आहे की तो इथे खरोखर वापरता येतो. वस्तूची एकच ओळख नसते. ती कोणत्या टप्प्यावर आहे तशी ओळख बदलते. म्हणून ‘ही काय आहे?’ याऐवजी ‘हिच्या कोणत्या टप्प्याचा पुरावा माझ्या हातात आहे?’ असं विचारा.

साधी गोटी बुचाची की मुळात खेळायचीच, हे नुसतं बघून सांगता येतं का? बहुतेक वेळा नाही. रबराच्या कड्याचा गोल ठसा गोटीवर मिळेल अशी आशा ठेवू नका. रबर मऊ, आणि गोटी दर वेळी वेगळ्या बाजूने बसते. बुचाच्या गोटीला एक गुण मात्र लागतोच: ती खरोखर गोल हवी, नाहीतर वायू निसटेल. तेव्हा व्हर्निअर कॅलिपरने एकाच गोटीचा व्यास सात-आठ दिशांनी मोजा. आकडे बऱ्यापैकी वेगळे आले, तर ती बुचाची असण्याची शक्यता कमी होते. सारखे आले, तर? काहीच सिद्ध होत नाही, कारण खेळायची गोटीही चांगली गोल असू शकते. एखादी चाचणी एका बाजूने शक्यता कमी करते आणि दुसऱ्या बाजूने गप्प बसते. प्रबंधात हे असंच लिहायचं असतं. शिवाय तिसरी शक्यता: काचतंतू बनवायच्या कारखान्यात कच्चा माल म्हणून वितळवायला साध्या काचगोट्या वापरत असत, त्याही दिसायला अगदी सोज्वळ.

घनतेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे अनेकजण घाई करतात. नेहमीच्या सोडा-चुना काचेची घनता साधारण २.५, बोरोसिलिकेटची २.२३ च्या आसपास, शिसं घातलेल्या काचेची तीनच्या आसपास किंवा जास्त. म्हणजे घनतेवरून काचेचं कुळ कळतं. पण व्यासावरून घनफळ काढून घनता काढलीत तर फसाल. १६ मिलिमीटर व्यासाच्या गोटीचं घनफळ सुमारे २.१४ घन सेंटिमीटर. व्यास चुकून १६.२ मोजला तर घनफळ जवळजवळ चार टक्क्यांनी वाढतं, कारण व्यासाचा घन होतो. त्यापेक्षा गोटी आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच घनफळ. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनाराच्या दुकानातला काटा मिळाला तर उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत येतं. महागड्या उपकरणाची वाट बघत बसू नका.

महागडं उपकरण म्हणजे हातात धरायचं क्ष-किरण यंत्र. ‘सर, एक्सआरएफ केलं की कारखाना कळेल ना?’ हा प्रश्न मी प्रत्येक कार्यशाळेत ऐकते. नाही कळणार. एक तर हे यंत्र सोडियमसारखी हलकी मूलद्रव्यं नीट दाखवत नाही, आणि काचेत मुख्य क्षार तोच. दुसरं, समुद्रात पडलेल्या काचेच्या पृष्ठभागातून क्षार झिरपून गेलेले असतात आणि यंत्र मुख्यतः पृष्ठभागच वाचतं. तिसरं, भंगार काच वितळवून गोट्या केल्या असतील, तर त्या रसायनात दहा ठिकाणच्या बाटल्यांची सरमिसळ असते. कारखान्याची सही शोधायला जाल आणि भंगारवाल्याची सापडेल. अतिनील टॉर्चचंही तसंच: हिरवी चमक दिसली की युरेनियम आणि म्हणून जुनी, असं धावत सुटू नका, मँगनीजही फिकट हिरवी चमक देतं.

आता एक आपल्या मनाचा भाग. अमेरिकी नाव काढून टाकलं की लगेच स्वदेशी नाव चिकटवायचा मोह होतो. ‘मग ही तळेगावची असेल!’ पैसा फंडाचा तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना १९०८ चा. अंताजी काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना चालवली, टिळकांनी तिला पाठबळ दिलं, परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले, आणि तिथे तयार झालेले कारागीर पुढे ठिकठिकाणी गेले. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून ओगल्यांचा कारखाना, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. कथा सुंदर आहे, पण सुंदर कथा म्हणजे पुरावा नव्हे. या कारखान्यांत गोट्या पडत होत्या असं दाखवणारा कागद किंवा टाकाऊ माल हाती लागेपर्यंत ‘तळेगाव’ हे नावही ‘अ‍ॅक्रो’ इतकंच उसनं आहे. ‘फिरोजाबाद’चंही तेच. तिथे बांगड्यांबरोबर गोट्याही होतात, म्हणून प्रत्येक अनोळखी गोटी तिथली होत नाही.

कागद कुठे शोधायचे? ब्रिटिश हिंदुस्थानच्या सागरी व्यापाराचे वार्षिक तक्ते मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांत बघायला मिळतात. पण रकाने जपून वाचा. काच-सामानाखाली बांगड्या, मणी, बाटल्या असे वर्ग आहेत; खेळणी वेगळ्या शीर्षकाखाली. म्हणजे खेळायची गोटी काचेची असूनही बहुधा खेळण्यांत मोजली जाणार, आणि सोड्याची गोटी बाटलीच्या पोटात बसून बाटल्यांत. ‘गोटी’ हा शब्द शोधत बसलात तर दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत याल. जुन्या वर्तमानपत्रांतल्या सोडावॉटरच्या जाहिराती, सोडा भरायची यंत्रं विकणाऱ्यांच्या यादीपुस्तिका, हे जास्त फळ देईल असा माझा अंदाज आहे.

आणि दुसरा दस्तऐवज माणसांच्या डोक्यात आहे. इथे मला खरोखर घाई वाटते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. मोऱ्याला रो-रो जेट्टीचं कामही हाती घेतलेलं आहे. भाऊचा धक्का ते मोरा ही लाँच ज्यांच्यासाठी रोजचा रस्ता होती, त्यांच्यापुढे आता दुसरे रस्ते आहेत. वाट बघणं कमी झालं की वाट बघणाऱ्यांच्या जिवावर चालणारी दुकानंही बदलतात. धक्क्यावर सोडा कोण विकायचं, बाटल्या भरायला कुठे जायच्या, फुटलेल्या बाटलीचा पैसा कुणाकडून कापायचे, पोरांना गोटी कशी मिळायची, हे सांगू शकणारी कोळीवाड्यातली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. जर्मनीतला लाउशा पुढच्या वर्षीही तिथेच असेल, त्याच्यावरची पुस्तकंही असतील. या आजी-आजोबांची खात्री कोण देणार?

मुलाखतीला जाल तेव्हा गोट्या बरोबर न्या, पण नाव सांगू नका. ‘आजोबा, ही सोड्याची गोटी आहे का?’ असं विचारलंत की ते तुमचं मन राखायला ‘हो’ म्हणतील. पाच-सहा वेगवेगळ्या गोट्या ताटलीत ठेवा आणि म्हणा, ‘यातल्या तुम्ही कुठल्या पाहिल्यात?’ मग गप्प बसा. ते कोणती आधी उचलतात, तिला कोणत्या शब्दाने हाक मारतात, बोटात कशी धरतात, सगळं लिहून घ्या. आजींनाही विचारा. गोट्या म्हणजे पोरांचा खेळ असं धरून आपण अर्धी साक्ष घरातच सोडून येतो, आणि फुटलेल्या बाटलीच्या काचा अंगणातून वेचणारं माणूस बहुधा त्याच असायच्या.

त्या प्रस्तावासाठी मी सुचवलेली नोंद खाली देते. गोटी तीच, आट्यांची. रिकाम्या जागा मोजून भरायच्या आहेत.

‘मोरा बंदर, ता. उरण, जि. रायगड. जेट्टीच्या ___ बाजूला, ओहोटीच्या पट्ट्यात, पृष्ठभागावर सापडलेली. गाळ उपसण्याची जागा जवळ असल्याने मूळ जागा अनिश्चित. काच, यंत्रनिर्मित, तोडल्याचा व्रण नाही, कापल्याची शिवण एक / दोन / दिसत नाही. व्यास ___ ते ___ मिमी, आठ मोजण्या. वजन ___ ग्रॅम, घनता पाण्यात बुडवून ___. अपारदर्शक पांढऱ्या काचेवर लाल पट्टी, आटे ___, पिळाची दिशा ___. पृष्ठभाग दुधी, चंद्रकोरी चिरा ___, त्यांपैकी बोथट कडांच्या ___. वापर: आघाताच्या खुणांवरून खेळ, पाण्यात जाण्याआधी. कारखाना: ठरवलेला नाही. तुलनेसाठी: याच किनाऱ्यावरच्या साध्या गोट्या, क्र. २ ते ६.’

‘कारखाना: ठरवलेला नाही’ ही ओळ खोडून तिथे काहीतरी लिहायचा आग्रह मार्गदर्शकांकडूनही होऊ शकतो. तेव्हा क्र. २ ते ६ कडे बोट दाखवा. प्रस्तावाचा पहिला परिच्छेद त्या पाच साध्या गोट्यांवर पुन्हा लिहायला घेतलाय. त्याचं सध्याचं शीर्षक आहे ‘मोरा बंदरातलं सोडावॉटर’, आणि पहिली मुलाखत भाद्रपदात, गणपती झाल्यावर ठरली आहे.